पवाय शिकवणाऱ्या इंदूआक्का

नवीन माणूस भेटलं की इंदूआक्का त्याचं नाव विचारत नसत. गाव, आडनाव, नोकरी, मुलंबाळं हे सगळं नंतर. पहिला प्रश्न ठरलेला, ‘‘पवाय येतंय का?’’ म्हणजे, पोहायला येतं का? मग समोर नवा तलाठी असो, शेजारच्या घरी आलेली नवी नवरी असो, की लस टोचायला आलेली नर्स असो. एकदा मतं मागायला दारात आलेल्या उमेदवारालाही त्यांनी हेच विचारलं. जोडलेले हात तसेच ठेवून तो हसत ‘नाही’ म्हणाला. आक्का म्हणाल्या, ‘‘मग पुरात तुमास्नी कोण काढणार? आमीच की.’’

कुरुंदवाडजवळच्या त्या गावात मी हायस्कूलला मराठी शिकवायला रुजू झाले, तेव्हा मलाही हाच प्रश्न आला. खोलीत सामान लावत होते. दारात एक उंच, काटक, नऊवारी नेसलेली बाई येऊन उभी राहिली. कपाळावर कुंकू नाही, पायात पुरुषी चपला.

‘‘पावणं, पवाय येतंय का?’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं.

‘‘कुठल्या तुमी?’’

‘‘कोल्हापूरची.’’

‘‘कोल्हापूरच्या आन् पवाय येत न्हाय? रंकाळा काय नुसता बघाय ठेवलाय व्हय?’’

खरं तर मी रंकाळ्यापासून हाकेच्या अंतरावर वाढलेली. पण पाण्याशी माझा संबंध काठावर बसून भेळ खाण्यापुरता. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्याच म्हणाल्या, ‘‘आयतवारी सकाळी पाटलाच्या इहिरीवर या. साडी जुनी नेसा.’’ आणि गेल्या. नाव विचारायचं राहिलं ते राहिलंच. पुढे कितीतरी दिवस त्यांनी मला नुसतं ‘बाई’ म्हणूनच हाक मारली.

आक्का बौद्धवस्तीत राहायच्या. अंगणवाडीत मदतनीस म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या. नवरा वारलेला, मुलगा वारणानगरला नोकरीला. घरात त्या आणि त्यांचे धाकटे दीर सदाभाऊ. सदाभाऊंना ऐकू कमी यायचं, त्यामुळे ते बोलायचे ते अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. रविवारी सकाळी पाटलांच्या विहिरीकडे जाणाऱ्या पायवाटेवर ते काठी घेऊन, विहिरीकडे पाठ करून बसत. कुणी पुरुषमाणूस त्या बाजूला वळला की ओरडत, ‘‘बाया पवाय लागल्यात! मागं फिरा!’’ हे इतक्या मोठ्यानं की, बाया पोहतायत हे ज्याला माहीत नसे त्यालाही कळे.

विहीर पायऱ्यांची, चांगली रुंद. पाठीला रिकामा पत्र्याचा डबा किंवा वाळका भोपळा बांधून मुली पाण्यात उतरायच्या. आक्का स्वतः कासोटा घालून छातीभर पाण्यातल्या पायरीवर उभ्या. गावातल्या मुली तर असतच, पण सासुरवाशिणी, आज्या, दूध घालून परस्पर आलेल्या बायाही असत. पहिल्या दिवशी मी तिसऱ्या पायरीवरच थांबले.

‘‘भीती वाटते, आक्का.’’

‘‘वाटू दे की. भ्या घिऊनच उतरायचं. त्ये बी पवाय शिकतंय.’’

त्यांनी मला हात-पाय मारायला शिकवलंच नाही आधी. आधी उताणं पडायला लावलं. डोक्याखाली त्यांचा हात, कान पाण्यात, वर विहिरीच्या गोल तोंडातून दिसणारं आभाळ. मी अंग ताठ केलं की त्या पाठीवर टिचकी मारायच्या. ‘‘पाण्याशी भांडायचं न्हाय. त्ये काय तुमची सासू न्हवं.’’ आणि थोडा वेळ गेल्यावर, जरा हळू आवाजात, ‘‘बाईमाणसाला जलमात उताणं पडून आभाळ बघाय कवा गावतंय? बघून घ्या.’’

केव्हातरी त्यांनी हात काढून घेतलेला मला कळलंच नाही.

ती विहीर त्यांना सहज मिळालेली नव्हती. पूर्वी त्या नदीच्या काठाला, उथळ पाण्यात शिकवायच्या, तेही आपल्या वस्तीतल्या पोरींनाच. गावातल्या बाया लांबून बघायच्या. मग पाटलांच्या घरात शोभावहिनी सून म्हणून आल्या. त्यांना शिकायचं होतं, पण नदीवर सगळं गाव बघतं म्हणून लाज वाटायची. त्यांनी नवऱ्याकडे हट्ट धरला की इंदूआक्कांना आपल्या विहिरीवर बोलवा. थोरल्या पाटलीणबाईंनी, म्हणजे शोभावहिनींच्या सासूबाईंनी, जेवण सोडलं. सूनही हटली नाही, तीही जेवेना. शेवटी नवरा कंटाळला आणि विहीर उघडली.

हे सांगताना आक्का म्हणाल्या होत्या, ‘‘ज्या पायऱ्यांवरनं माझ्या सासूला खाली उतरू दिलं न्हाय, त्याच पायऱ्यांवरनं मी पाटलाच्या नाती उतरवतो.’’ आमच्या भागातल्या जुन्या बाया ‘मी जातो, मी येतो’ असंच बोलतात, तशाच आक्काही.

‘‘तुम्हाला राग नाही येत?’’ मी विचारलं.

‘‘हाय की राग. जाईल कुठं? पर पवताना काठावर ठेवायचा. राग घिऊन पवाय गेलं की अंग जड हुतंय.’’

एक मात्र त्या कधीच सांगत नसत. हे सगळं त्यांनी कशासाठी सुरू केलं? कुणी विचारलं तर ‘‘पूर येतोय, म्हणून’’ एवढंच उत्तर. त्यात खोटं काही नव्हतं. कृष्णा आणि पंचगंगा जिथं भेटतात तिथून आम्ही फार लांब नाही. पण इतकं बोलणारी बाई या एका प्रश्नावर एवढ्यात आटपते, हे माझ्या लक्षात आलं होतं.

काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात पाणी गावात शिरलं. आमच्याकडे पूर अंगावर येत नाही, चढत येतो. आदल्या दिवशी वेशीत, मग देवळाच्या पायरीला, मग घरातल्या उंबऱ्याला. जनावरं आधी हलवली, म्हातारीकोतारी आणि पोरं नंतर. गावाबाहेरच्या टेकाडावर शाळेची इमारत, तिथं सगळे जमत होते. आक्का सकाळीच तिकडे जाऊन बायकांना जागा वाटून देत होत्या. पाटलांच्या थोरल्या पाटलीणबाई मात्र घर सोडायला तयार नव्हत्या. त्यांची समजूत काढायला मी आणि शोभावहिनी मागे थांबलो. दुपारी त्या एकदाच्या उठल्या. गावातलीच लाकडी नाव आली, तिच्यात आम्ही आणि गल्लीतल्या उरलेल्या बाया बसलो.

टेकाड समोर दिसत होतं. माणसांचे चेहरे ओळखू येतील इतकं जवळ. आणि नाव कशाला तरी अडकली. पाण्याखाली गेलेली कुणाच्यातरी परड्याची भिंत होती ती. नावाड्यानं बांबूनं रेटलं, नाव एका अंगाला कलली, बाया घाबरून दुसऱ्या अंगाला सरकल्या, आणि आम्ही सगळ्या पाण्यात.

पाणी गढूळ आणि थंडगार. मी खाली गेले, वर आले, तोंडात चिखल. पहिलं जे ऐकू आलं तो आक्कांचा आवाज. टेकाडावरून, छाती फुटेल असा.

‘‘उताण्या पडा गं! हात-पाय मारू नका! उताण्या पडा!’’

मी उताणी पडले. विचार केला नाही, अंगानंच केलं ते. शेजारी शोभावहिनी होत्या. त्यांनी एका हातानं सासूबाईंना हनुवटीखाली धरलं होतं. म्हातारीला पोहता येत नव्हतं, पण ती दातखिळी बसल्यासारखी गप्प पडून होती, तेच बरं झालं. मी दुसऱ्या बाजूनं तिचा दंड धरला. प्रवाहानं आम्हाला आडवं नेलं, आणि त्यातच एका आंब्याच्या फांद्या हाताला लागल्या. बाकीच्या बाया एकेक करून तिथंच येऊन लागत होत्या. कुणाचा पदर गेलेला, कुणाची वेणी सुटलेली. एकमेकींची नावं घेऊन हाका मारत होत्या. सगळ्या होत्या. नावाडी पोहत जाऊन दुसरी नाव घेऊन आला आणि आम्हाला टेकाडाला नेलं.

आक्का पाण्याच्या कडेला उभ्या होत्या. एका हाताला सदाभाऊंनी घट्ट धरून ठेवलं होतं, कारण वयानं गुडघे गेलेली ती बाई दोनदा पाण्यात उतरायला निघाली होती. आम्ही वर आलो तसं त्यांनी प्रत्येकीच्या डोक्याला हात लावला. माझ्या पाठीत एक धपाटा घातला. थोरल्या पाटलीणबाईंच्या तोंडावरचा चिखल स्वतःच्या पदरानं पुसला. आणि मग तिथंच चिखलात बसून मोठ्यानं रडायला लागल्या. गावानं आक्कांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. आम्हाला वाटलं, घाबरल्या. आम्हीच त्यांना समजावत राहिलो, ‘‘आक्का, आलो की आम्ही. सगळ्या आलो.’’

ही गोष्ट हळूहळू कोल्हापूरपर्यंत गेली. तिथलं एक नागरिक मंडळ दरवर्षी लोकांसाठी आयुष्य घातलेल्या माणसांचा सत्कार करतं. त्यांची माणसं गाडी घेऊन आक्कांच्या दारात आली. आक्कांनी त्यांना चहा दिला, त्यांच्यापैकी कुणाला पोहता येतं त्याची चौकशी केली, आणि सत्काराला साफ नकार दिला.

‘‘हार घालून माणूस गप बसवायचा धंदा हाय ह्यो. मला न्हाय जमायचं.’’

मंडळी गेल्यावर मी त्यांना समजावलं. शोभावहिनींनी समजावलं. सदाभाऊ म्हणाले, ‘‘जाऊया की वैनी, लई दिस झालं कोल्हापूर बघून. जेवण बी आसंल.’’ आक्का कुणाचंच ऐकेनात. शेवटी मी सहज बोलून गेले की, तिथं गावोगावच्या बाया येतील, तुम्ही दोन शब्द बोललात तर आणखी कुठंतरी एखादी विहीर उघडेल. आक्का चुलीपुढं बसून बराच वेळ काटक्या मोडत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘बोलतो. पर मग खरं काय त्येच बोलणार.’’

त्या वाक्यानं मला धास्ती बसली. आक्कांचं खरं बोलणं मी ऐकलेलं होतं. प्रमुख पाहुण्यांची काही धडगत नाही असंच मला वाटलं.

सभागृह भरलेलं होतं. आक्कांच्या बरोबर आणखी दोघांचा सत्कार होता. गोरगरिबांना तपासण्यात म्हातारपण आलेले एक डॉक्टर, आणि बेवारस मृतांना आपलं मानून अग्नी देणारे एक गृहस्थ. दोघेही आक्कांसारखेच खुर्चीच्या कडेवर अवघडून बसलेले. आमची सगळी नावेतली मंडळी दुसऱ्या रांगेत होती. थोरल्या पाटलीणबाईसुद्धा आल्या होत्या. सदाभाऊंना ऐकू यावं म्हणून पहिल्या रांगेत, कर्ण्याच्या अगदी पुढ्यात बसवलं होतं.

प्रमुख पाहुणे आक्कांना ‘जलदुर्गा’ म्हणाले. आक्का शेजारच्या डॉक्टरांकडे वळून म्हणाल्या, ‘‘दुर्गा-बिर्गा कशाला? इंदी म्हणलं तरी चालतंय.’’ समोर माईक चालू होता, सगळं सभागृह हसलं. मी मान खाली घातली. मग शाल घेऊन पाहुणे पुढे आले, तर आक्कांनी हातानं थांबवलं. ‘‘आदी बोलतो. मग बघा, घालायची का न्हाय.’’

त्या बोलायला उभ्या राहिल्या. माईक दोन्ही हातांनी धरला, जसा पाण्यात भोपळा धरावा.

‘‘माझी एक नणंद हुती. सुमन तिचं नाव. मी नवी नवरी, ती माझ्याहून ल्हान. आमी दोघी धुणं घिऊन नदीला गेलतो. गोधडी हुती. सुमन म्हणली, वैनी, जरा आत जाऊन खळबळून आणतो. गोधडीनं पाणी धरलं, जड झाली, आन् तिला घिऊन गेली. काठावर आमी लई बाया. समद्या वरडत हुतो. एकीला बी पवाय येत न्हवतं.’’

सभागृहात पंख्यांचा आवाज येत होता.

‘‘मी पाण्यात पाऊल टाकलं. आन् परत मागं घेतलं. भ्यालो मी. त्ये मागं घेतलेलं पाऊल कुणाला सांगितलं न्हाय आजवर. दिवस-कार्य झालं, आन् मामंजी, म्हंजी माझं सासरं, सदाचं आबा, मला म्हणलं, चल इंदू, पवाय शीक. गावानं नावं ठिवली, सासरा सुनंला घिऊन नदीला जातोय म्हणून. त्यास्नी फरक पडला न्हाय. काठावर तोंड फिरवून बसायचं आन् म्हणायचं, हात मार, पाय मार. सुमनचं नाव मरंस्तवर काढलं न्हाय माझ्यापुढं. मला वाटायचं, त्यांनी त्ये पाऊल वळीखलंय. म्हणून काढत न्हाईत.’’

त्यांनी आमच्या रांगेकडे बघितलं.

‘‘परवाच्या पुरात बी मी काठावरच हुतो. पर ह्या बारीनं पाण्यातल्या बाया पवत हुत्या. एवढंच सांगाय आलतो. ह्यात माझं मोठेपण न्हाय. शाल द्यायचीच आसंल तर सुमनच्या नावानं नदीत सोडा.’’

कुणीही टाळी वाजवली नाही. वाजवणं बरं दिसलंच नसतं. पाहुणे शाल हातात घेऊन तसेच उभे. आणि त्या शांततेत पहिल्या रांगेतून सदाभाऊंचा आवाज आला, नेहमीसारखा गल्लीभर जाणारा.

‘‘वैनी, आबा काय म्हणायचं, ठावं हाय का तुमास्नी?’’

आक्का त्यांच्याकडे वळल्या.

‘‘आबा म्हणायचं, ‘सुनंनं उडी मारली न्हाय, त्ये लई झालं. मारली असती तर माझ्या दोन लेकी गेल्या असत्या.’ ह्येच म्हणायचं. शेतात म्हणायचं, जेवताना म्हणायचं, जाताना हातरुणावर बी म्हणलं.’’

‘‘मला कवा न्हाय म्हणलं,’’ आक्का म्हणाल्या. माईक तोंडाशी होता तरी आवाज जेमतेम आला.

‘‘तुमास्नी कसं म्हणतील? सासरा-सून तुमी. मला म्हणायचं.’’

‘‘मग तू का न्हाय सांगितलंस, सदा?’’

‘‘तुमी कवा इच्यारलं? तुमच्या पोटात ह्ये एवढं हाय, मला काय सपान पडतंय व्हय?’’

आधी शोभावहिनी हसल्या, रडता रडताच. मग त्यांच्या सासूबाई. मग सगळं सभागृह हसलं, आणि त्या हसण्यात कितीतरी जण डोळे पुसत होते. डॉक्टर उठले, त्यांनी आक्कांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं. आक्का बराच वेळ दिराकडेच बघत होत्या, एखाद्यानं उलटं टांगलेलं चित्र कुणीतरी येऊन सुलटं करावं आणि ते ओळखू येऊ नये तसं. मग त्यांनी पाहुण्यांकडे वळून मान खाली केली.

‘‘टाका,’’ म्हणाल्या.

टाळ्या मग थांबेचनात.

परतीच्या गाडीत जयसिंगपूरच्या पुढे कुठंतरी सदाभाऊंनी जेवणातल्या मटणाबद्दल तक्रार केली, रस्सा पातळ होता म्हणून. एरवी आक्कांनी त्यांना झापलं असतं. त्या दिवशी शाल पांघरून खिडकीबाहेर उसाकडे बघत बसल्या. मला वाटलं, दमल्यात.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. इतक्या वर्षांत विहिरीवर आक्का आधी आणि आम्ही मागून, असंच चाललेलं. त्या दिवशी मी गेले तर पोरी डबे पाठीला बांधून पायऱ्यांवर नुसत्या बसलेल्या. पायवाटेवर सदाभाऊसुद्धा नव्हते. काल एवढं सगळं झालं, वय झालेलं शरीर, रात्रीत काही कमीजास्त तर नाही ना? मी जवळजवळ पळतच बौद्धवस्तीत गेले.

सदाभाऊ दाराबाहेर कट्ट्यावर काठी घेऊन बसले होते, दाराकडे पाठ करून. मला बघताच त्यांनी ओठावर बोट ठेवलं. आणि जन्मात पहिल्यांदा मी त्या माणसाला कुजबुजताना ऐकलं.

‘‘निजल्यात.’’

‘‘बऱ्या आहेत ना?’’ मी हातानंच विचारलं.

‘‘झ्याक हाईत. मगाशी बघून आलो. घोरत्यात.’’ ते हसले. ‘‘एवढी वर्सं ह्या घरात आमी दोघं, वैनी उजाडल्यावर निजलेल्या मी बघितल्या न्हाईत. निजूंदेत. तुमी जावा.’’

अर्ध्या उघड्या दारातून आत चटईवर आक्का दिसत होत्या. उताण्या, हातपाय सैल सोडून. मी दार हळूच ओढून घेतलं.

विहिरीवर परत आले तेव्हा ऊन पायऱ्यांपर्यंत उतरलं होतं. पोरी उठून उभ्या राहिल्या. ‘‘आक्का कुठं हाईत, बाई?’’

‘‘घरी. झोपल्यात,’’ मी म्हटलं, आणि कासोटा घालून पाण्यात उतरले.